गवतातली सळसळ

ईपो शहरात एकट्या राहणाऱ्या सुआन आंटींच्या शेजारचं घर दोन वर्षं बंद होतं. अंगणात पुरुषभर गवत माजलं होतं आणि अंधार पडला की त्यात सळसळ व्हायची. साप असणार, या धास्तीनं आंटींनी नगरपालिकेकडे तक्रारींचा धोशा लावला. अखेर आज सकाळी माणसं आली आणि त्यांनी सगळं गवत कापलं.

"सापडला का रे साप?" आंटींनी भीत भीत पायरीवरूनच विचारलं.

"साप कसला, आंटी! साधा उंदीरसुद्धा नाही." मुकादम रोसली हसला, मग जरा घुटमळला. "तुमचं त्या घरात जाणं-येणं असतं का?"

"माझं? वेडा की काय तू!"

रोसलीनं नुसतं बोट दाखवलं.



तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली एक पायवाट त्या बंद घराच्या मागच्या दारातून निघून थेट आंटींच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली येऊन थांबली होती.