मंदाकिनीची वेलांटी

जीर्ण वस्तूचा उद्धार करणाऱ्याने आधी तिच्या स्वामीची अनुज्ञा घ्यावी, असा संकेत आहे. वामनरावांनी आयुष्यभर संस्कृत शिकवले, तरी मोटारीमागे जोडायची ती जुनी घरगाडी अंगणात दुरुस्त करताना त्यांनी वहिनींना विचारले नाही. गाडी दिवंगत थोरल्या भावाने स्वतः बांधलेली. तो असताना वामनराव त्याच्याकडे फारसे फिरकले नव्हते. निदान त्याची गाडी तरी नीट करावी, एवढाच हेतू.

पत्रे बदलले, रंग दिला. दारावर भावाने रंगवलेले ‘मंदाकीनी’ हे वहिनींचे नाव खरवडून त्यांनी ते मधली वेलांटी ऱ्हस्व करून शुद्ध लिहिले.

“अहो, हे काय केलंत!” पत्नी दचकली. “त्या वेलांटीवरून जाऊबाई भावजींना जन्मभर चिडवायच्या. त्यांच्या हस्ताक्षराची तेवढीच खूण होती!”

वामनरावांनी वळून पाहिले. फाटकाशी रिक्षा थांबली होती.

वहिनी काठी टेकत आल्या. त्यांचे बोट अक्षरांवरून फिरले आणि ‘कि’पाशी थांबले.

“वहिनी, अपराध झाला.”

“मास्तर ना तुम्ही! हात शिवशिवणारच.” त्या हसल्या, पण डोळे भरले होते. “मी ह्यांना सारखी म्हणायचे, नाव सुधारा. तर म्हणायचे, ‘राहू दे. ती चूक खोडायला तरी वामन येईल.’”

वामनरावांची मान खाली गेली. वहिनींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

उशिरा पोचणाऱ्यांनाही असेच दार उघडे मिळो.