शेवटची लाइफ

अड्यारला जुने व्हिडिओ गेम मांडलेत असं कळलं, तशी हरिप्रिया वडिलांना घेऊन तिथे गेली. दोन महिने झाले, अप्पा तिला ओळखत नव्हते. पण जॉयस्टिक हाती आली आणि बोटांना सगळं आठवलं. घरंगळत येणाऱ्या पिंपांवरून टणाटण उड्या मारत त्यांचा गडी शिड्या चढू लागला. हरिप्रिया हरखून गेली. दोन लाइफ संपल्या, तसे अप्पा थांबले.

"खेळा ना अप्पा, अजून एक आहे."

"ती माझ्या पोरीची. शेवटची तिलाच ठेवतो मी."

डोळे पुसत तिने हात पुढे केला. अप्पांनी जॉयस्टिक दोन्ही तळव्यांनी झाकून घेतली. पडद्यावर पिंप गडगडत खाली निघालं होतं.

"हात लावू नका, बाई. शाळा सुटली की येईलच ती."