नुसतं बोट दाखव

साहेबांनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली, तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. सुट्टीत इंटर्न म्हणून आल्यापासून या केबिनमध्ये तिला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं.

"कॉफी घेणार ना?"

"नको, सर."

"घे गं. आता घरचीच आहेस तू."

कॉफी आली, तीही कपबशीत. एरवी इंटर्नना मशीनपाशी उभ्यानेच कागदी पेल्यात प्यावी लागे.

साहेब तिच्या कालच्या प्रेझेंटेशनबद्दल भरभरून बोलले. सर्टिफिकेट तर मिळेलच, शिवाय शिक्षण संपलं की इथेच पक्की नोकरी. "मोठमोठ्या कॉलेजांतली मुलं आमच्या दारात उभी असतात. पण आम्ही तुला सोडायचे नाही."

सकाळी डबे भरताना आईने हेच विचारलं होतं. "एवढी मुलं टाकून तुलाच कसं गं घेतलं?" त्यावर बाबांनी शर्टाची कॉलर ताठ केली होती. "लेक कुणाची आहे?" मग दोघं बापलेक एकाच बसने निघाले. गेटातून आत आल्यावर ती वर ऑफिसकडे वळली, बाबा खाली पॅकिंगच्या हॉलकडे.

"मला सगळ्यात काय आवडलं सांगू?" साहेब म्हणाले. "ती गुडघेदुखीवाल्याची गोष्ट."

तिने उचललेला कप पुन्हा बशीत ठेवला.

काल तिने ती मोठ्या कौतुकाने सांगितली होती. हॉलमध्ये एकाचा गुडघा धरतो. तो मध्येच स्टुलावर टेकला, की शेजारचा पैलवान चकार शब्द न काढता त्याचीही खोकी सरकत्या पट्ट्यावरून उचलतो. माल कधी अडत नाही. 'इथून शिकण्यासारखं' या मथळ्याखाली तिने हेच सगळ्यात वर घातलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

"नाव तेवढं नाही सांगितलंस."

"नावाचं काय, सर. काम तर वेळेत होतं."

"होतं ना. म्हणजे पैलवान एकटा दोघांचं करतो." साहेब हसले. "मग दुसरा कशाला?"

तिने घाईने घोट घेतला. जीभ पोळली.

"सुपरवायझर हॉलमध्ये शिरला किंवा मी वर काचेत दिसलो, की सगळे सावध होतात. आम्हाला कुठलं काय कळायला! तुझे वडील तिथेच आहेत ना? म्हणून तर तुला घेतलं. घरच्या पोरीपुढे कोण कशाला लपवाछपवी करेल?"

आईला संध्याकाळी काय सांगायचं, ते आता तिला कळलं.

साहेब भिंतीएवढ्या काचेपाशी जाऊन उभे राहिले. "ये इकडे. तोंडाने सांगायला जड जात असेल, तर नको सांगूस. नुसतं बोट दाखव. तुझं नाव कुठेच येणार नाही."

ती उठली. पाय ओढत काचेपर्यंत गेली. साहेब खाली पाहत नव्हते, तिच्या हाताकडे पाहत होते.

खाली पट्टा चालू होता. बाबा स्टुलावर पाय लांब करून बसले होते आणि पैलवान डावी-उजवीकडची खोकी ओढत होता. काचेत ती दिसली, की बाबा रोज हात हलवायचे. पैलवानाला कोपराने ढोसून वर दाखवायचे, ती बघ.

आजही त्यांनी वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या साहेबांकडे. पुन्हा तिच्याकडे. हात हलला नाही. तोच हात गुडघ्यावर दाबून ते धडपडत उठले आणि तिच्याकडे पाठ करून त्यांनी पैलवानाच्या हातातलं खोकं स्वतःकडे ओढून घेतलं.

"हं," साहेब म्हणाले. "कोणता?"

तिने बाजूला लोंबणारी पडद्याची दोरी धरून ओढली. पडदा सरसर खाली आला. पट्टा, खोकी, माणसं सगळं झाकलं गेलं.

"ऊन येतंय, सर."

"या बाजूला?"

दोरीचं टोक तिने बोटाभोवती गुंडाळलं होतं, इतकं घट्ट, की बोट पांढरंफटक पडलं होतं.