तीनदा पुकारा

लातूरची एसटी शाळेच्या गेटसमोर चारला अडकली, ती साडेचारपर्यंत हललीच नाही. ड्रायव्हर हॉर्नवर तळहात ठेवून बसला होता. पुढे चाळीस मोटारसायकली, सहा ऑटो, आणि गेटला खेटून उभी असलेली शंभरेक माणसं. आत पहिली-दुसरीच्या नव्वद मुली दप्तरं पाठीला लावून रडकुंडीला आलेल्या.

"बाई, उद्याचा एक दिवस देतो," पोलीस जमादार मल्लिनाथ घाम पुसत मुख्याध्यापिका वर्षाराणींना म्हणाले. "उद्या बी एसटी अडकली, तर मला वर कळवावंच लागंल. मग तुमची शाळा परत जुन्या जागी."

जुन्या जागी दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात छताचा पंखा दुसरीच्या बाकावर पडला होता. मधली सुट्टी होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून वर्षाराणींना धड झोप नव्हती. तालुक्याची कचेरी गावाबाहेर नव्या इमारतीत गेली, तेव्हा रिकामी झालेली ही दगडी कचेरी त्यांनी दीड वर्ष अर्ज करकरून मिळवली होती. साहेबांच्या दालनात पहिलीचा वर्ग बसला. रेकॉर्डच्या खोलीत खिचडी शिजू लागली. तहसीलदारांच्या कोर्टातल्या साक्षीदाराच्या कठड्यात पाण्याचा माठ आला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथं पायरी तीच, चढणाऱ्या मात्र सहा वर्षांच्या.

सगळं जमलं, पण शाळा सुटायची वेळ काही जमेना. रस्त्यापलीकडे बाजार समितीचं एवढं मोठं मैदान मोकळं पडलेलं. गाड्या तिथं लावा, तुम्हीही तिथंच थांबा, असं बाईंनी फळ्यावर लिहिलं, घरोघर चिठ्ठ्या पाठवल्या, गेटसमोर दोरी बांधली. दोरी दुसऱ्याच दिवशी कुणीतरी बैलाला नेली. आजोबा मंडळी तीन वाजताच येऊन दार धरायची. त्यांना पाहून मोटारसायकलवाल्यांना वाटायचं, आपण मागं पडलो. मग तेही घुसायचे.

"अडाणीपणा, दुसरं काय!" वर्षाराणी वैतागून म्हणाल्या.

हे व्हरांड्यात बसलेल्या संगप्पानं ऐकलं. संगप्पा हा कचेरीचा निवृत्त शिपाई. घर मागच्याच गल्लीत. नोकरी संपली तरी सवय संपेना, म्हणून कपाळाला विभूती लावून रोज दहाला इथं हजर. बाईंना त्याची जराशी अडचणच वाटायची.

"अडाणी न्हाईत बाई, पोळलेली हायत," तो म्हणाला. "जमिनीच्या तारखा इथंच चालायच्या. मी दारात उभं राहून नावं पुकारायचो. मानूस चहाला गेला अन् त्याचा पुकारा चुकला, की गैरहजर. मग सहा-सहा म्हैने पुढं. या मान्सांनी भूक मारली, पन दार सोडलं न्हाई. आता तुमच्या चिठ्ठीनं सोडतील व्हय?"

वर्षाराणींना स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली. अशी तारीख त्यांच्या वडिलांनी कधी घेतली नव्हती, म्हणून त्यांना हे कळलं नव्हतं, एवढंच.

"मग काय करायचं, मामा?"

"काय म्हंजे? पुकारायचं!"

दुसऱ्या दिवशी संगप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. तीनच्या ठोक्याला त्यानं दाराशी जमलेल्या म्हाताऱ्यांना मैदानात नेलं. मोटारसायकली आल्या, त्याही तिकडंच वळवल्या.

"ऐका! पाच-पाच नावं पुकारीन," तो म्हणाला. "एकदा न्हाई, तीनदा. तिसऱ्यांदा बी कुनी आलं न्हाई, तर मी सोता हुडकत यीन. पन नाव निघाल्याबिगर रस्ता वलांडायचा न्हाई."

 आधी एक म्हातारा लिंबाखाली टेकला. त्याच्यामागं दुसरा. संगप्पाचा शब्द होता, आणि संगप्पाचा आवाज त्यांना तीस वर्षं ओळखीचा होता.

चार वाजले. शाळेचा माइक ऐनवेळी रुसला. संगप्पानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पायरीवर उभा राहून त्यानं छाती भरून घेतली.

"श्रेया शिवकुमार, पहिलीचा वर्ग, हाजिर होऽऽ!"

आतून नव्वद मुलींचा हशा उसळला. "हाजिर!" श्रेया बेंबीच्या देठापासून ओरडली. जमादारांनी हात आडवा करून रस्ता थांबवला, मैदानातून पाच माणसं आली, पाच मुली घेऊन परत गेली. पुन्हा पाच. दहा मिनिटांनी लातूरची एसटी आली आणि हॉर्नसुद्धा न वाजवता निघून गेली. जमादारांनी बाईंकडं बघून मान डोलावली. वर कळवण्यासारखं आज काही नव्हतं. वर्षाराणींचा जीव भांड्यात पडला. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि कुणाला दिसू नये म्हणून पदराच्या टोकानं डोळे टिपले.

शेवटचं नाव आरती वैजनाथचं होतं. तिला न्यायला तिचे आजोबा शेषेराव आले. बांधाच्या तंट्यापायी बावीस वर्षं त्यांनी या कचेरीत हेलपाटे घातले होते. त्यांनी पायरीखाली चपला काढल्या, टोपी सारखी केली, नातीचा हात धरला. पण जागचे हलेनात. सवयीनं तसेच हात जोडून उभे राहिले.

"पुढची तारीख, बाई?"

वर्षाराणी क्षणभर गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, "उद्या, आबा."

"उद्या?" शेषेरावांचे जोडलेले हात अलगद सुटले. "बावीस वर्सांत या दारानं मला इतक्या जवळची तारीख कवाच दिली न्हाई."