इंदुरी मौन

लाल झाकण. स्टॉपवॉच. आत्याची आखडलेली बोटं. धनेशच्या तोंडात अख्खी कचोरी. ह्यूमन फॅक्टर्सच्या, म्हणजे वस्तू माणसाला वापरायला जमते का ते तपासण्याच्या वर्गात नियम एकच: वस्तू वापरणारा अडला तरी बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. धनेशने संधिवाताच्या रुग्णांसाठी औषधाच्या बाटलीचं झाकण बनवलं होतं, पण तोच दोनदा ‘दाबून फिरवा’ बोलून गेला आणि चाचण्या बाद झाल्या. आज शेवटची, म्हणून तोंड बंद ठेवायला कचोरी. चाचणीला आणलेली त्याची संधिवाताची आत्या बाटली ओंजळीत धरून झगडताना दिसत होती. “बोल ना भिया, मुका झालास का?” धनेशचे गाल फुगले, डोळे भरले. “आत्याजी, दाबके घुमाओ ना!” ओरडले ते नियम शिकवणारे सर. वर्ग हसून लोळला. सरांनी जीभ चावली. “बाद?” धनेशने कचोरीतूनच विचारलं. “कशाला बाद? तुझे गाल बघत होते रे,” आत्या म्हणाली. झाकण तिने पहिल्याच झटक्यात काढून ओंजळीत लपवलं होतं.