झिपरी

“भाजलेला केस परत वळत नाही, ताई,” पार्लरवाली म्हणाली. तिने एक बट उचलून आरशात दाखवली. मुळाशी केसाने चांगलं वळण घेतलं होतं. तिथून खाली कमरेपर्यंत नुसत्या केरसुणीच्या काड्या. “हे वरचं तुमचं. खालचं मशीनचं. काहीही लावा, खालचं आता ढिम्म हलणार नाही.”

खुर्चीतल्या बाईने सगळं लावून पाहिलं होतं. ज्याने जे सांगितलं ते डोक्यावर थापलं होतं, चिंध्या बांधून झोपून पाहिलं होतं. सकाळी वळलेले केस दुपारपर्यंत पुन्हा सरळ. ऑफिसात तिला मॅडम म्हणत. घरी मात्र ती लहानपणापासून झिपरी, आणि त्या नावाचा तिला असा काही राग की पहिली नोकरी लागताच तिने केस सरळ करून घेतले, ते वर्षानुवर्षं करतच राहिली. घरच्यांनी झिपरी म्हणायचं सोडलं नाही, ही गोष्ट वेगळी.

“मग कापा,” झिपरी म्हणाली.

“अहो, कानाखाली जेमतेम उरतील! एवढी काय घाई? थोडे थोडे कापत जाऊ. वर्षभरात मुळापासून सगळे नवे येतील.”

“वर्षभरात आई मला पुरती विसरेल.”

पार्लरवालीचा हात थांबला. झिपरी परक्या माणसापुढे मन मोकळं करणाऱ्यातली नव्हे, पण त्या दिवशी बोलून गेली. आई मुलाला ओळखते, सुनेला ओळखते, औषध द्यायला येणाऱ्या बाईलाही नावाने हाक मारते. पोटच्या पोरीला मात्र म्हणते, या, बसा हं, आमची झिपरी येईलच इतक्यात. आणि दाराकडे बघत बसते. एकदा झिपरीने तिचा हात धरून सांगितलं, अगं, मीच ती. तर आई घाबरून मागे सरली. “तिचे केस कुरळे आहेत हो,” म्हणाली. “तुम्ही कोणी दुसऱ्या असाल.”

पार्लरवालीने कात्री घेतली आणि इतक्या वर्षांची मेहनत फरशीवर पाडली. उरलेले केस ओले केले, मुठीत धरून हलकेच चुरगाळले, गार वाऱ्यावर वाळवले. हळूहळू एकेक बट आपल्या मनाने गोल झाली. आरशात एक शाळकरी पोर बसली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली.

घरी दार वहिनीने उघडलं. “अगं बाई! हे काय करून घेतलंस?” तिला हसू आलं होतं. मग तिच्या लक्षात आलं आणि ते हसू तिथेच विरलं. “जा आत,” ती हळू आवाजात म्हणाली. “जाग्याच आहेत.”

आई पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. झिपरी उंबऱ्यातच उभी राहिली. आता हिने बसा म्हटलं तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं.

आईने वर पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं. तिच्या कपाळावर आठी उमटली.

“झिपरे! हा काय अवतार? अशी जाणार तू शाळेत?”

झिपरी उंबऱ्यातून तिच्याकडे बघतच राहिली.

“बघत काय बसलीस? ये, बस खाली.”

ती आईच्या पायांशी फरशीवर बसली. बसताना गुडघे कुरकुरले. आईने उशाचा कंगवा घेतला, पेल्यातलं पाणी तळहातावर ओतून तिच्या डोक्यावर चोपडलं आणि खसाखसा विंचरायला लागली. पार्लरवालीने जपून वळवलेली एकेक बट सपाट होत गेली. दुखत होतं. आईचा हात अजून तसाच जड होता, आणि झिपरीला तो किती हवा होता हे तिला तेव्हाच कळलं.

“हलू नकोस. रडायला काय झालं? रोजचंच आहे हे.”

आईने मधोमध भांग पाडला. एक बाजू कानामागे सारली, दुसरीचे तीन पदर केले. दोन पेड घातले आणि केस संपले.

बोटं थांबली नाहीत. समोरच्या कपाटाच्या आरशात झिपरीला दिसत होतं. आईची बोटं रिकाम्या हवेत पेडामागून पेड घालत होती, प्रत्येक पेड ओढून घट्ट करत होती, हळूहळू आपल्या मांडीपर्यंत खाली उतरत होती. दारात वहिनी तोंडावर हात धरून उभी होती. मनासारखी लांबी झाल्यावर आईने शेवट चिमटीत पकडला.

“रिबीन दे.”

झिपरीने रिकामा हात मागे नेला. आईने त्यातली रिबीन घेतली, फेरे दिले, फूल ओढून नीट केलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

“झालं. पळ आता, घंटा होईल.”

झिपरी उठली नाही. मान तशीच ताठ धरून ती म्हणाली, “दुसरी वेणी राहिली, आई.”