माथ्यावरची माती

"रविवारी डोंगरावर मीपण येते. भाकऱ्या दोघांच्या लिहा," सुमतीबाई म्हणाल्या.

सामानाची यादी करणाऱ्या दिगंबररावांचं पेन अडलं. त्या आडबाजूच्या डोंगराकडे कुणी फिरकत नाही, म्हणून तर वीस वर्षं त्यांनी बायकोपुढे माथ्यावरच्या तांबड्या मातीचं बिनधास्त वर्णन केलं होतं. प्रत्यक्षात शेवटच्या चढाला भिऊन ते अर्ध्या वाटेवरच्या देवळातच डबा खाऊन झोपत.

"अगं, शेवटचा चढ तुला झेपणार नाही."

"तुम्हाला तरी कुठं झेपला? तुमचे बूट मीच धुते. त्यांना तांबडी माती एकदाही लागलेली दिसली नाही."

दिगंबररावांनी यादीत डोकं खुपसलं.

"सतरंजी लिहा," सुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही देवळात आडवे व्हा, मी वर जाऊन येते. माती खरंच तांबडी असली, तर तुमच्या बुटांना लावायला मूठभर आणीन."